उसन्या फोटोंची वही

दोन वर्षांपूर्वी, आम्ही घरी तयार करून विकतो त्या तुरीच्या डाळीचे फोटो काढण्यासाठी आम्ही अमरावतीहून एक छायाचित्रकार बोलावला होता. त्याने ओसरीत पांढरी चादर अंथरली, गोठ्याच्या भिंतीला कित्येक वर्षे टेकून उभे असलेले सासूबाईंचे जाते धुऊन त्या चादरीवर मांडले, शेजारी पितळेची पायली ठेवली आणि मोठ्या जाऊबाईंना नऊवारी नेसून जात्याचा खुंटा धरायला लावले. फोटो देखणे निघाले, यात शंका नाही. अडचण एवढीच होती की आमची डाळ जात्यावर होत नाही. ती घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या पीकेव्ही मिनी दाल मिलवर होते, आणि त्या वेळी जाऊबाईंच्या अंगावर गाऊन, त्यावर भाऊजींचा जुना शर्ट आणि नाकातोंडाला बांधलेला दुपट्टा असतो. आमच्या दर्यापूर तालुक्यातील माणसाला हे न सांगता कळते. ज्यांच्यासाठी आम्ही एवढा थाट केला होता, त्या पुण्या-मुंबईच्या ग्राहकांनाही ते कळले असावे, कारण ते फोटो चार महिने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आणि फेसबुकच्या पानावर फिरत राहिले आणि अंगठ्यांपलीकडे त्यांना काही मिळाले नाही.

त्यानंतर अकोल्याच्या एका ग्राहक ताईंनी पाठवलेला फोटो आला. कुकरचे झाकण नुकतेच काढलेले, वाफेमुळे अर्धे चित्र धूसर, शिट्टीतून उडालेल्या वरणाचे पिवळे ओघळ कुकरच्या अंगावरून ओट्यापर्यंत आलेले, मागे भिंतीवर दिनदर्शिका आणि तिच्याच खिळ्याला अडकवलेले विजेचे बिल. खाली लिहिले होते, ‘पाणी जास्त झालं, पण डाळ पार विरघळली. सासऱ्यांनी दोनदा वरण मागून घेतलं.’ तो फोटो मी जसाच्या तसा स्टेटसवर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत फोन सुरू झाले. किती आले हे महत्त्वाचे नाही. प्रश्न बदलला होता, हे मला महत्त्वाचे वाटले. तोवर लोक विचारत, ‘डाळ कशी आहे?’ आणि मी जे काही उत्तर देई ते विकणाऱ्या बाईचे उत्तर असे. त्या दिवशी लोक विचारत होते, ‘पाच किलो केव्हा पाठवता?’ डाळ कशी आहे, हे त्यांना त्या ओट्यावरच्या ओघळांनी आधीच सांगून टाकले होते.

याचे मला फार आश्चर्य वाटायला नको होते, कारण आपल्याकडे ही रीत मोबाइलच्या कितीतरी आधीपासून आहे. दर्यापूरहून अकोटकडे किंवा मूर्तिजापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेच्या वावरांत बियाणे कंपन्यांच्या पाट्या दिसतात. वर वाणाचे नाव, खाली शेतकऱ्याचे नाव आणि गाव. त्या पाटीवर कंपनी स्वतःबद्दल फारसे बोलत नाही, ती दुसऱ्याच्या पिकाकडे बोट दाखवते. दुचाकीवरून जाणारा माणूस पाटी पाहून थांबतो, बांध ओलांडून आत जातो, एक झाड वाकवून त्याच्या शेंगा मोजतो, आणि वावराचा मालक ओळखीचा असेल तर रात्री फोन लावून विचारतो, ‘खरंच आली का बे एवढी, का पाटीपुरतीच हाये?’ अकोल्याच्या विद्यापीठाच्या शेतांतली पिके पाहण्याच्या शिवार फेरीला हजारो शेतकरी जातात तेही याच स्वभावामुळे. सांगितलेल्यावर आपला विश्वास बसत नाही, उभ्या पिकावर बसतो. मग शिजलेल्या डाळीवर बसला तर त्यात नवल काय?

बाजाराच्या भाषेत याला आता ‘यूजर जनरेटेड कंटेंट’ असे मोठे नाव आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांनी त्यावर आपली घरे बांधली आहेत. निक वुडमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या गोप्रो या कंपनीचा कॅमेरा लोक छातीवर, हेल्मेटवर, सर्फबोर्डवर बांधून चित्रीकरण करत, आणि कंपनीची उत्तमोत्तम जाहिरात म्हणजे त्याच लोकांनी काढलेल्या चित्रफिती असत. ॲपलने २०१५ मध्ये आयफोनवर सामान्य वापरकर्त्यांनी काढलेले फोटो शहराशहरांतील मोठ्या फलकांवर लावले, आणि फोनचा कॅमेरा कसा आहे हे सांगण्यासाठी त्यावर वेगळे वाक्य लिहिण्याची गरज राहिली नाही. या गोष्टी वाचताना आमच्यासारख्यांना वाटते की वा, फुकटात काम झाले. मला मात्र त्याच ॲपलची २०१९ ची गोष्ट अधिक शिकवणारी वाटते. त्या वर्षी जानेवारीत कंपनीने लोकांकडून आयफोनचे फोटो मागवणारी स्पर्धा जाहीर केली. निवडलेले फोटो फलकांवर झळकणार होते, पण ते काढणाऱ्यांना मोबदला मिळेल असे कुठे म्हटले नव्हते. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने फोटो फुकट घ्यावेत, यावर छायाचित्रकारांनी टीका केली आणि काही दिवसांतच कंपनीला विजेत्यांना परवान्याचे शुल्क देऊ, असे सांगावे लागले.

त्याहूनही जुनी, २००६ ची, शेवरोलेची हकीकत आमच्या घरात आम्ही चेष्टेने नेहमी काढतो. टाहो नावाच्या मोठ्या गाडीसाठी त्या कंपनीने तयार चित्रफिती आणि संगीत लोकांपुढे ठेवले आणि सांगितले की यावर हवा तो मजकूर घालून तुम्हीच जाहिरात करा. लोकांनी केली, गाडी किती इंधन पिते आणि पृथ्वी कशी तापवते, यावर केली. कंपनीने त्या टीकेच्या जाहिराती लगेच पुसून टाकल्या नाहीत, एवढे मात्र तिच्या बाजूने म्हटले पाहिजे. माझे दीर म्हणतात, हे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैलाची झूल गावातल्या पोरांच्या हाती देऊन वर हवे ते लिहा म्हणण्यासारखे झाले. ते खरे आहे, पण झूल आपल्याच हाती ठेवून पोरांनी लिहिल्यासारखे भासवणे त्याहून वाईट, असे माझे मत आहे.

आमची स्वतःची चूक याहून लहान आणि अधिक घरगुती होती. एका ताईंनी त्यांच्या चार वर्षांच्या मुलीचा फोटो पाठवला होता: मांडीवर ताट, दोन्ही हात मनगटापर्यंत वरणभातात, एक शीत कपाळावर. इतका गोड फोटो आम्हाला त्यापूर्वी कधी आला नव्हता, आणि मी क्षणाचाही विचार न करता तो फेसबुकच्या पानावर टाकला, वर पाकिटाचे चित्र चिकटवले आणि भावही लिहिला. दुसऱ्या दिवशी त्या ताईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, उलट त्यांनाच संकोच वाटत होता. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, तो फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तो नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये फिरून माझ्या सासऱ्यांपर्यंत गेला. ते विचारतात, डाळ विकायला आपली पोरगी कशाला बसवली?’ मी फोटो तत्काळ काढला, त्यांच्या सासऱ्यांशी बोलले, क्षमा मागितली. मग घाईने जुने फोटो चाळले, तेव्हा अकोल्याच्या ताईंच्या त्या पहिल्या फोटोतील विजेच्या बिलावर नाव आणि ग्राहक क्रमांक सहज वाचता येतो, हे कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आले. त्यांनाही मी विचारले नव्हते. त्यांनी मनावर घेतले नाही म्हणून ते खपून गेले होते.

त्यानंतर मी जरा वाचन केले आणि जे कळले त्याने झोप उडाली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती, आणि सर्वसाधारणपणे पहिला हक्क तिचाच. फोटो आपल्या मोबाइलवर आला म्हणजे तो आपला झाला, असे होत नाही, आणि त्यात आपले पाकीट दिसते म्हणूनही होत नाही. तो वापरण्याचा परवाना लेखी असावा लागतो. हक्कच आपल्या नावावर घ्यायचा असेल तर सही लागते, आणि अशा करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. व्हॉट्सॲपवरचे उत्तर लेखी धरायचे का, हा प्रश्न मला पडला होता. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी नोंदीचे स्थान देतो, म्हणून निदान आमच्यापुरता मी तो सोडवला आहे. मुलांच्या बाबतीत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अधिक कडक आहे: अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. आम्ही मात्र कायद्याच्याही पुढे जाऊन एक गोष्ट ठरवून टाकली. लहान मुलाचा चेहरा असलेला फोटो, पालक कितीही आग्रहाने म्हणाले तरी, आम्ही वापरत नाही. हात चालतो, ताट चालते, फार तर कपाळावरचे शीत चालते.

परवानगी मागणे हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यातही गुंते आहेत. एका वहिनींनी मोठ्या मनाने सांगितले की माझा फोटो खुशाल वापरा. नंतर बोलता बोलता कळले की तो त्यांच्या नणंदेने काढला होता. म्हणजे चेहरा वहिनींचा, हक्क नणंदेचा, आणि दोघींत त्या काळात बोलणे बंद. तो फोटो अजून वापरलेला नाही. तेव्हापासून आम्ही विचारताना तीन गोष्टी एकाच संदेशात विचारतो: फोटो कोणी काढला, तो आम्ही कुठे कुठे लावणार आहोत, आणि नाव व गाव लिहायचे की नाही. शेवटी एक ओळ ठरलेली असते की केव्हाही नको वाटले तर कळवा, त्याच दिवशी काढून टाकू. उत्तर आले की त्याची नोंद एका दोनशेपानी वहीत होते. जाऊबाईंनी तिच्यावर नाव घातले आहे ‘उसने फोटो’. खेड्यात साखरेची वाटी उसनी आणली की ती रिकामी परत करत नाहीत, हे त्यांना सांगावे लागत नाही. फोटोबाबतही तसेच असावे, हे त्यांनीच ठरवले. म्हणून ज्यांचा फोटो आम्ही लावतो त्यांच्या पुढच्या पार्सलमध्ये तीळ-जवसाच्या चटणीची पुडी जाते. ती फोटोची किंमत नव्हे आणि ती आधी कबूल केलेली नसते. पार्सल फोडल्यावरच कळते.

आधी कबूल केल्यावर काय होते, ते आम्ही एकदा पाहिले आहे. एका संक्रांतीला दिराच्या आग्रहावरून आम्ही जाहीर केले की आमच्या डाळीच्या पदार्थाचा फोटो पाठवा आणि किलोभर डाळ मोफत मिळवा. फोटोंचा पाऊस पडला. त्यातल्या एका वरणाखाली हॉटेलातला इस्त्री केलेला रुमाल होता आणि कोपऱ्यात कुठल्या तरी इंग्रजी संकेतस्थळाचे नाव अर्धवट कापलेले दिसत होते. एका दादांनी पुरणपोळीचा फोटो पाठवला, जिच्यात हरभऱ्याची डाळ असते, हे त्यांच्या घरातल्या कोणीही सांगितले असते. एका मुलाने घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवरून एकाच गंजाचे, म्हणजे पातेल्याचे, सहा कोनांतून काढलेले सहा फोटो पाठवले. त्याची मेहनत पाहून त्याला आम्ही अर्धा किलो डाळ दिलीही. पण खरे ग्राहक, जे एरवी वरणाचा, फोडणीचा, करपलेल्या कुकरचाही फोटो आपणहून पाठवत, ते त्या महिन्यात गप्प राहिले. डाळीसाठी फोटो पाठवणाऱ्यांच्या रांगेत आपण दिसू नये, असे त्यांना वाटले असावे. स्पर्धा मी पुन्हा घेतलेली नाही.

याच्या उलट, ज्याची मला भीती वाटत होती त्या तक्रारीनेच आमचे सर्वांत मोठे काम केले. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात जमीन कसदार असली तरी विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे. एका ताईंनी अकोल्याहून आमची डाळ नेली आणि गावी जाऊन शिजवली, तर सहा शिट्ट्या होऊनही दाणा आख्खाच राहिला. त्यांनी कुकरमध्ये पळी फिरवून, दाणे पाण्याखाली वेगवेगळे कसे फिरतात, याची चित्रफीत काढली आणि आमच्या पानावर टाकली, खाली लिहिले, ‘पैसे पाण्यात गेले.’ माझा पहिला विचार ती पुसण्याचा होता, हे कबूल करते. बोट त्या जागेपर्यंत गेले होते. तेवढ्यात दुसऱ्या एका वयस्कर ग्राहकबाईंनी, ज्यांना त्या ताई ओळखतही नव्हत्या, आम्हाला आवाजी संदेश पाठवला: ‘अवं तिले सांग माय, बोअरच्या पान्यात कोन्ती डाळ शिजते वं? नळाच्या पान्यात रातभर भिजू घाल म्हना, अन् मंग बोल म्हना.’

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनशी बांधले जातात, त्यामुळे दाणा मऊ पडायला वेळ लागतो. गोडे पाणी आणि भिजवणे हा त्यावरचा साधा उपाय. मी दोघींची परवानगी घेतली आणि तो आवाजी संदेश त्या तक्रारीच्या अगदी खाली लावला. चौथ्या दिवशी त्याच ताईंनी नळयोजनेच्या पाण्यात शिजवलेल्या वरणाचा फोटो टाकला, काहीही न लिहिता. पहिली चित्रफीत आजही तिथेच आहे. आता बोअरच्या पाण्याच्या गावांत पार्सल जाते तेव्हा पाकिटावर पाण्याची सूचना छापलेली असते. ही सूचना आम्हाला पहिल्या दिवसापासून सुचायला हवी होती, कारण आमच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. पण घरात जे सगळ्यांना ठाऊक असते ते पाकिटावर लिहावे, हे सुचत नाही. ते बाहेरच्या माणसाच्या तक्रारीनेच सुचते.

नावडते अभिप्राय पुसून फक्त गोड ठेवणारे दुकानदार मी पाहिले आहेत, आणि त्यांचे पान वाचताना पाच मिनिटांत तोंड आंबट होते. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे आणि आमच्यासारख्या मिनी दाल मिलवाल्यांसाठी तयार झालेले नाही, परंतु त्यातील सचोटी आणि पारदर्शकतेची तत्त्वे कोणालाही पाळता येण्यासारखी आहेत.

गोड अभिप्रायांतही सगळे घेण्यासारखे नसतात. आम्ही जवसाची चटणी सुरू केली तेव्हा वाशीमच्या एका काकांचा लांबलचक आवाजी संदेश आला. चटणी खाऊन आपली साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, आता सगळ्या गावाला सांगतो, असा त्याचा सारांश. त्यांच्या आवाजात इतका खरेपणा होता की तो ऐकून कोणीही चटणी घेतली असती, आणि नेमके म्हणूनच तो लावता येत नव्हता. अन्नपदार्थ आजार बरा करतो किंवा टाळतो असा दावा जाहिरातीत करण्यास २०१८ चे जाहिरात व दाव्यांविषयीचे अन्न सुरक्षा नियम मनाई करतात, आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ‘मी कुठे म्हटले, ग्राहक म्हणाला’ हा बचाव माझ्या मते टिकणारा नाही. काका आपल्या पारावर बसून काय सांगतात तो त्यांचा अनुभव, पण मी तो उचलून माझ्या पानावर लावला की ती माझी जाहिरात झाली. आणि दंडाचे सोडा, तो संदेश ऐकून एखाद्याने गोळी बंद केली तर? मी काकांना फोन करून आभार मानले आणि गोळीबाबत डॉक्टरांचेच ऐका, असे सांगितले. त्यांना ते थोडे लागले. ‘म्हणजे माझं खोटं हाये काय?’ असे त्यांनी विचारले, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला फोनवर देता आले नाही.

पैसे घेऊन रील करणाऱ्या मुलांचे फोनही येतात, अलीकडे तर आठवड्याला येतात. एकाने सांगितले की मी तुमचा ग्राहक असल्यासारखेच बोलेन, कोणाला कळणार नाही. हे सांगताना आपण काही वावगे सांगतो आहोत, असे त्याच्या स्वरात अजिबात नव्हते. मोबदला घेतलेला असेल तर तो संबंध उघड सांगितला पाहिजे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनाही तेच म्हणतात. ‘ही जाहिरात आहे’ असे ठळक लिहून ती करायला माझी ना नाही. पण मग ती ग्राहकाच्या फोटोंच्या रांगेत न ठेवता वेगळी ठेवावी लागेल. त्या मुलाला हे पटले नाही.

त्याच २०२२ च्या सूचनांत एक बारीक गोष्ट आहे, जी शेतमाल विकणाऱ्याने नीट वाचावी अशी आहे: शिफारस खरी तर असावीच, शिवाय ती वाजवी प्रमाणात ताजी असावी. साबण दरवर्षी सारखा असतो, डाळ नसते. एका वर्षी पाऊस लांबतो, दाणा बारीक राहतो, शंभर किलो तुरीमागे एरवी सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते तिथे चुनीच, म्हणजे डाळीचा चुराच, जास्त निघते आणि डाळीचा रंगही फिका असतो. अशा वर्षी मागच्या हंगामातल्या पिवळ्याधमक वरणाचा फोटो लावून नवी डाळ विकणे, ग्राहकाने स्वतः काढलेला फोटो असूनही, फसवणूकच होईल. म्हणून वहीत प्रत्येक फोटोपुढे हंगाम लिहिलेला असतो, आणि नवी डाळ बाजारात आली की जुन्या हंगामाचे फोटो आम्ही उतरवतो. दरवर्षी फाल्गुनात आमचे पान काही आठवडे ओकेबोके दिसते. दीर म्हणतात, विक्रीच्या ऐन दिवसांत दुकानाची पाटी उतरवण्यासारखे आहे हे. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही, पण अजून तरी त्यांनी मला यात हरवलेले नाही.

पान पुन्हा भरते ते लग्नसराईत. पण माझ्या आवडत्या चित्रफिती त्याआधीच्या, थंडीतल्या, रोडग्यांच्या असतात. वावरात गोवऱ्यांचा जाळ, राखेत भाजून फोडलेले रोडगे, वांग्याच्या भाजीचे पातेले आणि मोठ्या गंजात आमच्या डाळीचे वरण. गेल्या पौषात पुण्याच्या एका सोसायटीच्या गच्चीवरून अशीच एक चित्रफीत आली. गोवऱ्या कुठून तरी मागवलेल्या होत्या, धुरामुळे खालच्या मजल्यावरचे कोणी ओरडत होते आणि एक गृहस्थ शुद्ध वऱ्हाडीत त्यांना रोडगा खायला वर बोलावत होते. त्या चित्रफितीत आमचे पाकीट एकदाही दिसत नाही, आणि तरीही ती पाहून जेवढी विचारणा झाली तेवढी पाकिटाच्या फोटोने कधी झाली नाही. पाकीट दिसेल असा पुन्हा एक घ्या, असे त्यांना सांगण्याचा मोह झाला होता. जाऊबाईंनी मला मोबाइल खाली ठेवायला सांगितले.

या माघात मूर्तिजापूर तालुक्यातून एका भाऊंचा फोटो आला. मांडवातली पंगत, पत्रावळींची लांब रांग, भातावर वरणाची धार सोडणारा एक हात, आणि टोकाला बसलेले एक म्हातारे गृहस्थ थेट मोबाइलकडे पाहत असलेले. फोटो पाठवणाऱ्या भाऊंच्या वडिलांची तेरवी होती. खाली दोनच ओळी होत्या: ‘वहिनी, डाळ पुरली. बाबांना तुमच्याच डाळीचं वरण लागायचं.’ प्रकाश, रंग, माणसांचे चेहरे, सगळ्याच दृष्टींनी तो आम्हाला आजवर आलेला सर्वांत सुंदर फोटो आहे, आणि मी तो बराच वेळ मोठा करून पाहत बसले. जाऊबाईंनी वही काढली नाही. मी परवानगीचा ठरलेला संदेश न पाठवता त्यांना सांत्वनाचे चार शब्द लिहिले. तीस किलोच्या कट्ट्याचे त्यांच्याकडे अर्धे पैसे बाकी होते. ते आम्ही आठवण करून न देताच चौथ्या दिवशी आले आणि सोबत विचारणा होती की नवी डाळ केव्हा निघणार. होळीनंतर, असे मी कळवले.